सूज आली कुठून, ते आधी विचार

‘ताई, मी गडचिरोली जिल्ह्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. सध्या नागपूरला बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेड-सर्जच्या, म्हणजे मेडिकल-सर्जिकल नर्सिंगच्या, सेशनलला मला ७५ पैकी २६ मिळाले. पॅथोफिजिओलॉजी, म्हणजे आजारात शरीरात काय आणि कसं बिघडतं ते, डोक्यात राहतच नाही. रात्री बारापर्यंत बाणांचे फ्लोचार्ट पाठ करते आणि सकाळी सगळे बाण एकमेकांत गुंतलेले असतात. पेपरात लेफ्ट हार्ट फेल्युअरखाली पायाची सूज आणि वाढलेलं लिव्हर लिहून आले. मैत्रिणींकडे दीडशे पानांची पीडीएफ आहे, तेवढी घोक म्हणतात. विद्यापीठाच्या परीक्षेला चोवीस दिवस उरलेत. मी मराठी माध्यमाची म्हणून मला जमत नाही का? बाबांनी धान विकून फी भरली आहे. काय करू?’

तुझं पत्र काल रात्री वाचलं आणि आज सकाळी परत वाचलं. माध्यमाचा प्रश्न आधी संपवू, कारण तो तुला आतून पोखरतोय असं दिसतं. तुझ्या पेपरात जी चूक झाली ती इंग्रजीची नाही. ‘पेडल इडिमा’ हा पायाच्या सुजेचा शब्द तुला आला, त्याचं स्पेलिंगही बरोबर आलं असेल. तो कुठे लिहायचा ते कळलं नाही. ती सूज कुठून येते हे तुला कुणी विचारलं नव्हतं आणि तूही स्वतःला विचारलं नव्हतंस. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलीही नेमकी हीच चूक करतात. सिस्टर ट्यूटर म्हणून मी वर्षानुवर्षं पेपर तपासले आहेत, म्हणून हे खात्रीने सांगते.

फ्लोचार्टमधला बाण म्हणजे ‘म्हणून’. पाठ केलेला कुठलाही फ्लोचार्ट घे आणि प्रत्येक बाणाच्या जागी ‘म्हणून’ घालून मोठ्याने वाच. ‘डावं हृदय नीट पंप करत नाही, म्हणून रक्त मागे फुप्फुसात तुंबतं, म्हणून फुप्फुसात पाणी झिरपतं, म्हणून झोपलं की दम लागतो.’ जिथे ‘म्हणून’ म्हणताना जीभ अडखळते, तो बाण तुला कळलेला नाही. तेवढाच शिकायचा. दीडशे पानांच्या पीडीएफमध्ये बाण हजारो असतील, पण त्यांच्यामागची कारणं मोजकीच आहेत, आणि तीच ती कारणं आजाराचं नाव बदलून पुन्हा पुन्हा भेटतात. चोवीस दिवसांत आजार मोजू नकोस. ही कारणं पकड.

सुरुवात सुजेपासून करू, कारण तू तिथेच अडलीस.

मी शिकत असताना आमच्या फीमेल वॉर्डात एक मावशी होत्या, दोन्ही पाय सुजलेले. वॉर्डच्या सिस्टरनी माझा अंगठा धरला, मावशींच्या घोट्याच्या वर नडगीवर ठेवला आणि म्हणाल्या, ‘दाब, पाच आकडे मोज, आता उचल.’ खळगा तसाच राहिला, ओल्या मातीत बोट रुतावं तसा. मग त्यांनी विचारलं, ‘हे पाणी इथे कुठून आलं?’ मी ‘पिटिंग इडिमा’ असं उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, ‘ते नाव झालं. मी पत्ता विचारतेय.’ पुढची पंधरा मिनिटं त्यांनी मला त्या पलंगापाशीच शिकवलं. तेच आज तुला देते.

तुझ्या बाबांची धानाची बांधी डोळ्यांसमोर आण. मामा तलावातून, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावातून, पाटाने पाणी येतं, बांधीत पसरतं, जादाचं पुढे निघून जातं. शरीरातल्या सगळ्यात बारीक रक्तवाहिन्या, म्हणजे केशवाहिन्या, अशाच आहेत. रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो. रक्तातलं अल्ब्युमिन ते पाणी आत धरून ठेवतं. या दोन ओढींचा हिशोब लंडनमधल्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये मांडला, आणि तुझ्या पेपरातली निम्मी मेड-सर्ज त्यावर उभी आहे असं म्हटलं तरी चालेल. जे थोडं पाणी बाहेर उरतं ते लसिकावाहिन्या गोळा करून परत रक्तात नेऊन सोडतात.

आता बांधीत नको तिथे पाणी साचलं तर कारणं किती? पुढची वाट तुंबली आणि दाब वाढला, हे एक. हार्ट फेल्युअरमधली पायाची सूज ही अशी. दुसरं, पाणी धरून ठेवणारं अल्ब्युमिन कमी पडलं. सिऱ्होसिसमध्ये लिव्हर ते पुरेसं बनवत नाही, किडनीच्या नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये ते लघवीतून वाहून जातं. नॉर्मल ३.५ ते ५ ग्रॅम प्रति डेसिलीटर, त्याच्या बरंच खाली गेलं की सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते. तिसरं, बांधालाच भोकं पडली. भाजलेला पेशंट, सेप्सिस, डेंगी, जोराची अ‍ॅलर्जी, या सगळ्यांत केशवाहिनीची भिंतच गळायला लागते. चौथं, निचऱ्याची नाली बुजली. तुमच्या भागात हत्तीपायाचे पेशंट तू लहानपणापासून पाहिले असशील. फायलेरियाचे जंत लसिकावाहिन्यांत ठाण मांडतात, म्हणून पाणी गोळा होत नाही, आणि पुढे पुढे ती सूज इतकी टणक होते की अंगठ्याने खळगाही पडत नाही. स्तनाच्या कॅन्सरसाठी काखेतल्या गाठी काढलेल्या बाईंचा हात सुजतो तो याच कारणाने, म्हणून त्या हाताला बीपीचा कफ बांधू नको आणि सुई लावू नको असं शिकवतात.

बघ, एका सुजेतून किती आजार झाले! यातला कुठलाही पेपरात आला तरी सुजेचा बाण तुला पाठ करावा लागणार नाही.

आता तुझी चूक. हृदयाला एक पंप समजू नकोस, दोन पंप शेजारी शेजारी आहेत असं समज. प्रत्येकासाठी एकच प्रश्न विचारायचा: हा बंद पडत चालला तर याच्या मागे काय तुंबेल? डाव्या पंपाच्या मागे फुप्फुसं आहेत. म्हणून दम, छातीच्या तळाशी स्टेथोस्कोपने ऐकू येणारी चरचर, आणि फारच वाढलं तर गुलाबी फेसाळ थुंकी. उजव्या पंपाच्या मागे सगळं शरीर आहे. म्हणून मानेच्या फुगलेल्या शिरा, वाढलेलं लिव्हर, पोटात पाणी, पायाला सूज. पेशंट अंथरुणाला खिळलेला असेल तर पाय बघून गप्प बसू नको. पाणी सगळ्यात खालच्या जागी उतरतं, म्हणून कमरेखाली, माकडहाडापाशी बघ.

मेडिकल वॉर्डात नाइट ड्यूटी केलीस तर पहाटे दोन-तीनच्या सुमाराला एखादे आजोबा पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला बसलेले दिसतील. त्यांना का बसावं लागतं? आडवं झाल्यावर दिवसभर पायात साचलेलं पाणी रक्तात परत येतं, तो जादा माल फुप्फुसांकडे जातो आणि डावा पंप तो पुढे ढकलू शकत नाही. म्हणून हिस्टरी घेताना ‘झोपताना किती उशा घेता?’ हा प्रश्न विचारायचा. पूर्वी एक लागायची, आता तीन लागतात, हे उत्तर एखाद्या रिपोर्टइतकं मोलाचं आहे.

इथे किडनीचा भाग येतो, आणि मुली नेमका तोच सोडून देतात. रक्त कमी पोचलं की किडनीला वाटतं शरीरात पाणीच कमी आहे, कुठेतरी रक्तस्राव होतोय. ती रेनिन सोडते, त्यातून अँजिओटेन्सिन बनतं, रक्तवाहिन्या आवळतात, अल्डोस्टेरॉन मीठ आणि पाणी धरून ठेवतं. थकलेल्या बैलाच्या गाडीवर आणखी पोती चढवल्यासारखं होतं. एवढं कळलं की उपचार आपोआप सुचतात. जादा पाणी काढायला फ्युरोसेमाइड, ती साखळी तोडायला एनालाप्रिल, जेवणात मीठ कमी, रोज सकाळी एकाच वेळी वजन. एका दिवसात एक किलो वाढलं तर ते साधारण एक लीटर पाणी, चरबी इतक्या लवकर चढत नाही. फ्युरोसेमाइडबरोबर पोटॅशियमही लघवीतून जातं, आणि पोटॅशियम कमी असताना डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाचं विष लवकर चढतं, म्हणून डिगॉक्सिन देण्याआधी एक मिनिटभर छातीवर स्टेथोस्कोप ठेवून हृदयाचे ठोके, म्हणजे अ‍ॅपेक्स मोजायचा आणि ६० च्या खाली असेल तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवायचं. पॅथोफिजिओलॉजी, औषधं आणि नर्सिंग केअर असे तीन वेगळे धडे पुस्तकात असतात. पलंगापाशी तो एकच धडा आहे.

आणि एक गोष्ट तुझ्या बाजूने. तू लिहिलेलं सगळंच्या सगळं चूक नव्हतं. उजवं हृदय निकामी होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे आधी निकामी झालेलं डावं हृदय. फुप्फुसात दाब वाढत जातो, उजव्या पंपाला त्याच्याविरुद्ध ढकलावं लागतं, शेवटी तोही थकतो. तेव्हा पाय सुजतातच, पण ते पुढचं प्रकरण आहे. तू पुढचं प्रकरण आधी लिहिलंस.

तिसऱ्या कारणाला, गळक्या भिंतीला, थोडा जास्त वेळ दे, कारण तिथे नर्सच्या डोळ्यांवर माणसाचा जीव अवलंबून असतो. डेंगीचा पेशंट, आजाराचा चौथा-पाचवा दिवस. ताप उतरलाय. आई खूश आहे, घरी कधी सोडणार विचारतेय. नातेवाईक फक्त प्लेटलेट विचारतात. तू बीपी घेतेस: ९६ वर ८०. वरचा आकडा फारसा वाईट वाटत नाही. पण दोन्हींतलं अंतर फक्त १६ आहे. नाडी १२०, हातपाय गार, सकाळपासून लघवी नाही, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, कालच्यापेक्षा चढलेलं. आता ‘म्हणून’ लाव. भिंत गळतेय, म्हणून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, बाहेर जातोय, म्हणून उरलेलं रक्त घट्ट होतंय आणि हिमॅटोक्रिट चढतंय. आतलं पाणी कमी झालं, म्हणून शरीर रक्तवाहिन्या आवळून दाब टिकवू पाहतंय, म्हणून खालचा आकडा वर राहिलाय आणि कातडी गार आहे. अंतर २० किंवा त्याहून कमी झालं की तो शॉक आहे, वरचा आकडा अजून पडलेला नसला तरी. तो पडेपर्यंत वाट पाहिली तर फार उशीर होतो. या मुलाच्या बाबतीत ताप उतरणं ही धोक्याची वेळ आहे.

याच साखळीचं दुसरं टोकही लक्षात ठेव. एक-दोन दिवसांनी भिंत सावरते आणि बाहेर गेलेलं पाणी परत आत येतं. तेव्हा सलाईन त्याच वेगाने चालू राहिलं तर फुप्फुसात पाणी साचतं आणि पेशंटला दम लागतो. आपण परत डाव्या पंपाच्या मागे येऊन पोचलो की नाही?

डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस मुलींना अवघड वाटतं, पण साखळी सरळ आहे. दारात धान्याची पोती पडलीत, पण इन्सुलिनची किल्ली नाही, म्हणून पेशीच्या आत उपास. रक्तातली साखर लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते, म्हणून वारंवार लघवी, तहान, कोरडी जीभ, पडलेलं बीपी. पेशी उपाशी, म्हणून चरबी फुटते, कीटोन बनतात, रक्त आम्लधर्मी होतं, म्हणून ते आम्ल कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर टाकायला पेशंट खोल आणि भरभर श्वास घेतो. यात फसवणारा एकच दुवा आहे, पोटॅशियम. रिपोर्टवर ते नॉर्मल किंवा चढलेलं दिसतं, कारण ते पेशींतून बाहेर रक्तात आलंय. पण लघवीतून इतकं गेलेलं असतं की शरीराचा साठा रिकामा असतो. इन्सुलिन सुरू झालं की ते परत पेशींत शिरतं आणि रक्तातलं झपाट्याने पडतं. म्हणून पोटॅशियमचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय इन्सुलिन सुरू होत नाही, आणि ते कमी असेल तर आधी पोटॅशियम दिलं जातं. ‘का?’ विचारणाऱ्या परीक्षकाला हा दुवा नीट सांगितलास तर व्हायवा तिथेच जिंकलास.

सिकलसेल तुला विचारण्याची शक्यता आहे, आणि तुझ्या गावात तो आजार घराघरांतून माहीत असेल. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच फरक. पण ऑक्सिजन कमी झाला, पाणी कमी झालं, थंडी लागली किंवा इन्फेक्शन झालं की त्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. वाकल्या म्हणून अडकतात, अडकल्या म्हणून पुढच्या भागाला रक्त नाही, म्हणून हाडं फुटल्यासारख्या वेदना. नॉर्मल लाल पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते, म्हणून अ‍ॅनिमिया आणि पिवळे डोळे. पाणी, ऊब आणि वेदनाशामक औषध यामागचं कारण आता वेगळं सांगायला नको. एक मात्र कळकळीने सांगते. हा पेशंट ‘सिस्टर, खूप दुखतंय’ म्हणाला तर ते खरं मान. दर महिन्याला अ‍ॅडमिट होतो म्हणून नाटक करतोय असं वॉर्डात बोललं जातं, ते मी ऐकलेलं आहे. ही साखळी ज्याला कळली त्याच्या तोंडून असं वाक्य येणार नाही.

आता चोवीस दिवस कसे वापरायचे ते. पीडीएफ बाजूला ठेव. जुन्या कॅलेंडरची पानं घे, मागची कोरी बाजू. रोज दोन साखळ्या, जास्त नको. पुस्तकातून एकदा समजून घे, पुस्तक बंद कर, रूममेटला मराठीत मोठ्याने सांग, मग कोऱ्या पानावर इंग्रजी शब्दांत लिही. मराठीत समजणं आणि इंग्रजीत लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत, ती एकाच वेळी करायला जाऊ नकोस. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडण्याआधी तीच साखळी परत लिही, तीन-चार दिवसांनी परत, आठवड्याने परत. पुन्हा पुन्हा वाचल्याने ओळखीचं वाटतं, आणि तेच तुला रात्री फसवतं. न बघता लिहिलेलंच सकाळी सापडतं.

पोस्टिंग चालू असेल तर ते अभ्यासातून वजा करू नकोस. रोज एकच पेशंट निवड आणि उलटं चाल. ट्रीटमेंट शीटवरच्या प्रत्येक औषधाला विचार, हे साखळीतला कुठला दुवा तोडतंय? उत्तर मिळेना तर सिस्टरांना विचार. कामाच्या घाईत एखाद्या वेळी ओरडतील, पण बहुतेक जणी मनापासून सांगतात.

काही गोष्टींना ‘का’ लागू पडत नाही, त्या घोकायच्याच. सोडियम १३५ ते १४५, पोटॅशियम ३.५ ते ५, पीएच ७.३५ ते ७.४५, कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५, बायकार्बोनेट २२ ते २६. हे कागदावर लिहून आरशाजवळ चिकटव. इन्फ्लमेशनमध्ये, म्हणजे दाहात, सायटोकाइन्सच्या याद्या सोड, लाली, उष्णता, सूज, वेदना आणि काम बंद पडणं ही पाच लक्षणं कारणांसह येऊ देत. क्लॉटिंग फॅक्टर्सची पूर्ण साखळी येत नसेल तर निदान रक्त पातळ करणारं वॉर्फरिन ज्यांवर काम करतं ते व्हिटॅमिन के वरचे चार, २, ७, ९ आणि १०, पक्के कर.

पेपरात मोठ्या प्रश्नाला फ्लोचार्ट सात-आठ चौकटींचाच काढ, पण प्रत्येक चौकटीशेजारी त्यातून दिसणारं लक्षण लिही. पुढे नर्सिंग मॅनेजमेंटला आलीस की प्रत्येक कृतीचं कारण याच फ्लोचार्टमधून उचल. ‘फाउलर्स पोझिशन दिली’ एवढंच लिहिणाऱ्या शंभर जणी असतात. ती दिल्याने, म्हणजे पेशंटला पाठ उंच करून बसतं केल्याने, हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं आणि फुप्फुसांना पसरायला जागा मिळते, असं लिहिलेलं उत्तर तपासताना मी नेहमी थांबून वाचायची.

आज रात्री बारापर्यंत जागू नकोस. जेवण झालं की एक कोरं पान घे आणि डाव्या पंपाची साखळी पुस्तक न उघडता लिही, आजोबांच्या उशांपर्यंत. जिथे ‘म्हणून’ अडेल तिथे पेन्सिलने गोल कर आणि झोप. उद्या सकाळी पुस्तकाचं तेवढंच पान उघड.